सायकलला जात नसते म्हणता, मग कायद्यात सायकल का आली?

"ताई, सायकलला कुठं जात असते? तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत जात आणता."

हे वाक्य मला गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या शहरातल्या सायकल फेरीत ऐकायला मिळालं. बोलणारा तरुण वाईट नव्हता. शिकलेला होता, नम्र होता, पहाटे पाचपासून थंडीत उभा राहून फुकट काम करत होता. शहराचं आणि आयोजकांचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न एका शहराचा नाही. पण त्याच्या वाक्याला मी तिथं पुरतं उत्तर देऊ शकले नाही. ते इथं देते.

आधी घडलं ते सांगते. माझा भाऊ त्या शहरात कंपनीत कामाला आहे. त्यानं आमच्या पाच जणांची नावं नोंदवली: तो, मी, माझे मिस्टर, सातवीतली लेक आणि आमचे अडुसष्ट वर्षांचे वडील. माणशी चारशे रुपये. त्यात टी-शर्ट, छातीवर लावायचा नंबर, शेवटी पदक आणि नाश्ता. आम्ही दोंडाईच्याहून आदल्या दिवशी एसटीनं पोहोचलो. रात्री जेवताना वडिलांना फीचा आकडा कळला. त्यांनी घास थांबवला आणि विचारलं, "काय रे भो, सायकल चालावाले बी पैसा लागतस का आते?" आम्ही सगळे हसलो. तेव्हा हसायला नको होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

आमच्यासाठी भावानं सायकली भाड्यानं आणल्या होत्या. वडिलांनी मात्र आपलीच घेतली. काळी अ‍ॅटलस, मागं कॅरिअर, कॅरिअरला डबा बांधायचा रबरी पट्टा, मडगार्डवर निळ्या रंगात 'जय भीम'. याच सायकलवर त्यांनी दोंडाईच्यात बावीस वर्षं कामाच्या पाळ्या केल्या. मिरचीच्या हंगामात याच कॅरिअरवर आई देठ खुडायच्या कामावर जायची. भाऊ नोकरीला लागला तेव्हा ती सायकल त्याच्यासोबत शहरात गेली. आजही तो तिच्यावरच कंपनीत जातो.

फेरी सुरू झाली. पहिल्याच चौकाच्या पुढं वडिलांची चेन उतरली. "तुम्ही चला, मी येतो," म्हणाले. आम्ही पुढं गेलो. चेन बसवून ते निघाले तर पुढच्या कठड्यापाशी स्वयंसेवकानं अडवलं. थंडीमुळं त्यांनी टी-शर्टवर स्वेटर घातला होता, नंबर खाली झाकला गेला होता. "काका, हा रस्ता आज बंद आहे. कामावर जाणाऱ्यांनी मागच्या गल्लीतून जायचं." वडील काही बोलले नाहीत. आयुष्यभर ज्याला रस्त्यावर "बाजूला हो" ऐकायची सवय आहे, तो माणूस वाद घालत नाही. ते वळले.

आम्ही वीस किलोमीटर पुरे केले, लेकीच्या गळ्यात पदक पडलं, आणि मग वडिलांना शोधायला लागलो. ते मागच्या गल्लीत चहाच्या टपरीवर होते. सोबत एक पाव विकणारा मुलगा होता, सायकलच्या मागं मोठी टोपली बांधलेला. आणि रात्रपाळी संपवून घरी निघालेला एक वॉचमन. दोघांनाही त्याच कठड्यावरून परत लावलं होतं. तिघांकडंही सायकली होत्या.

मी कठड्यापाशी गेले. त्या तरुणानं लगेच माफी मागितली. "सॉरी ताई, ते सहभागी आहेत हे लक्षात आलं नाही. नंबर दिसला नाही." माफी खरी होती, यात मला शंका नाही. पण ती कुणाची होती? नंबर असलेल्या माणसाची. मी म्हणाले, "त्या पाववाल्याकडं नंबर नव्हता, पण सायकल होती. सायकलसाठी रस्ता मोकळा केलाय ना? मग सायकलवाल्यालाच मागच्या गल्लीत का?" त्यावर तो म्हणाला, ते तर कामावर चाललेत. मी म्हणाले, याच्या मुळाशी जात आहे. तेव्हा वर लिहिलेलं वाक्य आलं.

मी खोटा आरोप करणार नाही. त्या पोरानं वडिलांची जात विचारली नव्हती. मडगार्डवरची दोन अक्षरं त्यानं आधी पाहिली असतील असंही मी म्हणत नाही. त्यानं फक्त सायकल ओळखली. काळी, कॅरिअरची, कामाची सायकल. पण मित्रांनो, समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट कळते, व्यवस्था चालायला माणसाच्या मनात द्वेष असावाच लागतो असं नाही. कोण कुठं असायला हवं हे सगळ्यांना न सांगता ठाऊक असलं की पुरतं. थॉर्स्टीन व्हेब्लेननं १८९९ साली रिकामपणाचं प्रदर्शन करणाऱ्या वर्गावर पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा साधा होता: श्रम करावे लागत नाहीत हे दाखवण्यातच प्रतिष्ठा असते. तीच सायकल घाम काढण्यासाठी चालवली की 'फिटनेस', आणि पोटासाठी चालवली की अडथळा. आपल्या देशात श्रमाची ही अप्रतिष्ठा आली कुठून? बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये १९३६ सालीच दाखवलं की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रम करणाऱ्यांची एकावर एक रचलेली विभागणी आहे. त्या रविवारी सकाळी ती उतरंड मला डांबरी रस्त्यावर दिसली. वर पदकवाले, खाली पाववाला.

आता "सायकलला जात नसते" या वाक्याकडं येते.

अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. त्यातलं कलम ३(१)(झेडए) काढून वाचा. दलित-आदिवासी माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवायला, चपला किंवा नवे कपडे घालायला, लग्नाची वरात काढायला, वरातीत घोड्यावर बसायला आडकाठी करणं हा त्या कलमानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. सायकल हा शब्द संसदेनं कायद्यात घातला. हौस म्हणून घातला का? ज्या देशात सायकलला जात नसते, त्या देशाच्या संसदेला एकविसाव्या शतकात असं लिहावं का लागलं?

त्याच्याही आधी, संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या सोबतीला एक शब्द आहे: रस्ते. रस्ता सगळ्यांचा असतो हे जर उघड असतं, तर ते लिहून ठेवायची गरज नव्हती. आमच्या घराण्यात आजोबा सांगायचे, गावच्या चावडीसमोरून जाताना सायकलवरून खाली उतरावं लागायचं, सायकल हातात धरून जावं लागायचं. आमच्याकडून दोन तासांवरसुद्धा नसलेल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत लाखालाखाचे घोडे विकले जातात, आणि घोड्यावर बसला म्हणून मार खाल्लेल्या नवरदेवांच्या बातम्याही आपणच वाचतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात बुलेट चालवतो म्हणून एका दलित विद्यार्थ्याच्या हातांवर वार झाले. वाहनावर कुणी बसायचं, हा या देशात कधीच फक्त वाहतुकीचा प्रश्न नव्हता.

आणि खानदेशच्या माणसानं तर हे विसरूच नये. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब आपल्या भागात आले होते. चाळीसगावला स्टेशनवर उतरल्यावर तिथल्या आपल्या लोकांनी त्यांना वस्तीत न्यायचं ठरवलं. एकही टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार झाला नाही. शेवटी तोड निघाली: टांगा भाड्यानं मिळेल, हाकायचा तुमचा तुम्ही. ज्याला टांगा हाकायचा सराव नव्हता असा आपलाच एक माणूस पुढं बसला. मोरीवर चाक अडकून टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. साधा टांगेवालासुद्धा स्वतःला एका अस्पृश्य बॅरिस्टरपेक्षा वरचा समजतो, हा त्यांनी त्यातून काढलेला अर्थ. पण त्याच प्रकरणात त्यांनी आपल्या लोकांबद्दलही एक गोष्ट सांगितलीय, ती आपण सोयीनं गाळतो. तिच्याकडं मी पुढं येते.

काही वाचक म्हणतील, हा जुना इतिहास झाला. ठीक आहे. मे २०२० घ्या. टाळेबंदीत दरभंगा जिल्ह्यातल्या एका १५ वर्षांच्या मुलीनं जखमी बापाला मागं बसवून गुरुग्रामहून सुमारे १२०० किलोमीटर सायकल मारली. तीही कुटुंबासह केलेली सायकल फेरीच होती की! तिला टी-शर्ट नव्हता, पाण्याचे थांबे नव्हते, रस्ता कुणी मोकळा केला नव्हता. देशानं काय केलं? सायकलिंग महासंघानं तिला चाचणीसाठी बोलावलं. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या मुलीनं तिच्या सहनशक्तीचं कौतुक केलं. गाडी बंद का केली, मजुरी का बुडाली, त्या बापलेकीला सायकलवर का निघावं लागलं, हे प्रश्न 'टॅलेंट' या एका शब्दाखाली गाडले गेले. आणि त्याच वर्षी, ३ जूनला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली ठरवलेल्या जागतिक सायकल दिनालाच, अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. माझ्या वडिलांची सायकल बनवणारे शेकडो हात त्या दिवशी रिकामे झाले.

सायकल चालवणारा भारत कोणता, हे आकडेही सांगतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती, चारचाकी पाच टक्क्यांहून कमी घरांत. शेती आणि घरगुती उद्योग वगळून बाकीच्या कामगारांपैकी सुमारे १३ टक्के सायकलनं कामावर जात होते, २२ टक्क्यांहून जास्त पायी. चारचाकीनं जाणारे तीन टक्क्यांच्याही आत. तरी रस्ता बांधला जातो तो त्या तीन टक्क्यांसाठी. पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत. तिथं सायकल मार्गांवर पैसा खर्च झाला, २०१७ मध्ये शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला, तरी आज पुण्यात पाळीला जाणारा कामगार सायकल मार्ग शोधत फिरतो तेव्हा त्याला तिथं लावलेल्या गाड्या भेटतात. सप्टेंबर २०२५ पर्यंत साध्या सायकलवर १२ टक्के जीएसटी होता. तो ५ टक्क्यांवर यायला आठ वर्षं लागली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी 'संडेज ऑन सायकल' ही मोहीम सुरू केली. चांगली गोष्ट आहे. माझा प्रश्न एवढाच आहे: सोमवारचं काय?

यावर मला दोन बाजूंनी उत्तरं आली, आणि दोन्ही मला मान्य नाहीत.

पहिलं उत्तर आपल्याच कार्यकर्त्यांचं. "ताई, हे शहरी उच्चवर्णीयांचे चोचले आहेत. आपण तिथं जायचंच कशाला? चारशे रुपये देऊन अपमान विकत घेतला." मी यांना विचारते, मग महाडला तरी कशाला गेलो होतो? २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर माणसं गेली ती काय तहान लागली म्हणून? जे सार्वजनिक आहे त्यावर आपला हक्क आहे, हे तिथं जाऊनच सिद्ध होतं, घरी बसून होत नाही. माझ्या लेकीनं त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा रस्त्याच्या मधोमध सायकल चालवली. कडेच्या खडीत नाही, गटाराच्या काठानं नाही, मधोमध. मागून हॉर्न नाही, कुणी शिव्या देणारा नाही. तिचा चेहरा मी पाहिलाय. तो आनंद उच्चवर्णीयांचा म्हणून मी तिला नाकारणार नाही. तो तिचाही आहे. तो पाववाल्याचाही असायला हवा, एवढंच माझं भांडण आहे.

दुसरं उत्तरही घरचंच. "बाबासाहेबांनी आपल्याला सुटाबुटात आणलं, आणि तुम्ही पोरांना परत सायकलवर बसवता? आपल्या पोरांनी बुलेट घ्यावी, फोर-व्हीलर घ्यावी." घ्यावी, जरूर घ्यावी. सायकल ही गरिबीची खूण म्हणून लादली गेली तर मी तिच्या विरोधातच आहे. पण प्रतिष्ठा वाहनाच्या किमतीवर मोजायची, ही मोजपट्टी कुणाची? ज्यांनी आपल्याला पायी चालायला लावलं, त्यांचीच ना? इथं चाळीसगावच्या प्रकरणातली ती दुसरी गोष्ट आठवा. बाबासाहेबांनी लिहिलंय की पाहुण्याची प्रतिष्ठा राखण्याच्या नादात आपल्या लोकांनी पाहुण्याच्या जिवाची सुरक्षितता विसरली. पायी नेलं असतं तर चाललं असतं. लोकांचं प्रेम त्यांनी नाकारलं नाही, पण चूक ती चूक म्हणून लिहिली.

आता १४ एप्रिलची आपली मोटारसायकल रॅली डोळ्यांसमोर आणा. एका गाडीवर तिघे, डोक्यावर हेल्मेट नाही, सायलेन्सर काढलेला, पुढं डीजे. बायका आणि मुली? त्या ओट्यावर उभ्या राहून बघतात. प्रतिष्ठेसाठी जीव टांगणीला लावायची ती चाळीसगावची चूक आपण दरवर्षी करतो, आणि तीही त्यांच्याच जयंतीला. देशात २०२२ साली रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली. त्यात दुचाकीस्वार सर्वांत जास्त आणि त्यांच्या खालोखाल पायी चालणारे. म्हणजे रस्त्यावर मरतो तो बहुतेक आपलाच माणूस. रस्ता सुरक्षा हा आंबेडकरी चळवळीचा विषय नाही असं ज्याला वाटतं, त्यानं ही मयतांची यादी आडनावांसकट वाचून पाहावी.

सायकल काय करू शकते याचा पुरावा मी पुस्तकातून देते, आणि मग घरातून. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेसोबत हजारो ग्रामीण बाया सायकल शिकल्या. त्यात शेतमजूर होत्या, दगडखाणीतल्या मजूर होत्या. पाणी आणणं, बाजार, दवाखाना यांसाठी नवऱ्याची वाट पाहणं संपलं. बिहारनं २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यासून दाखवलं की त्यामुळं माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात.

आता घरातून. माझं काम मुलींच्या शाळागळतीवर आहे. सायकल मिळालेली मुलगी शाळा सोडते तेव्हा मी तिच्या घरी जाते. सायकल भिंतीला टेकवलेली असते. "का गं?" विचारलं तर आई सांगते, "रस्त्यावर ट्रक, ट्रॅक्टर किती! पोरीला कसं पाठवायचं?" सरकारनं सायकल दिली, रस्ता दिला नाही. मी या आईला दोष देऊ शकत नाही, कारण मी स्वतः तेच करते. माझी लेक दोंडाईच्यात शाळेला रिक्षानं जाते. शहादा रस्त्यावर भरलेल्या ट्रकांच्या शेजारून तिला सायकलवर पाठवायची माझी छाती होत नाही. समाजशास्त्राची एमए, चळवळीची कार्यकर्ती, आणि लेकीची सायकल घरात. शहरात जाऊन चारशे रुपये भरावे लागले तेव्हा तिला दोन तासांचा रस्ता मिळाला. खरा अपमान मला त्यात वाटतो.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत.

एक. सार्वजनिक रस्त्यावर होणाऱ्या सायकल फेरीला फी नको. ज्याला टी-शर्ट हवा त्यानं पैसे द्यावेत, रस्त्याचे पैसे नकोत. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून 'सिक्लोव्हिया' चालते. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते मोटारींना बंद असतात. नोंदणी नाही, नंबर नाही. मालक येतो, मोलकरीणही येते. आपल्या मुंबईतही २०१४ मध्ये वांद्रे-सांताक्रूझच्या बाजूला 'इक्वल स्ट्रीट्स' नावानं असे रविवार झाले होते. म्हणजे अशक्य काही नाही.

दोन. रस्ता मोटारींना बंद करा, सायकलला नाही. कामावर जाणाऱ्या सायकलस्वाराला कठड्यावरून परत पाठवणं बंद झालं पाहिजे. फेरीचा पहिला मानकरी तोच आहे.

तीन. तालुक्याच्या गावात शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी शाळेच्या रस्त्यावर जड वाहनांना बंदी हवी, आणि कडेला मुलींसाठी पक्की, दिवे असलेली पट्टी. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात यासाठी रक्कम मागायला आपण यंदा जायचं आहे.

चार, आणि ही मागणी आपल्याच लोकांकडं. येत्या १४ एप्रिलला सकाळी, डीजे सुरू व्हायच्या आधी, दोंडाईच्यात मुलींची, बायांची आणि कामगारांची सायकल फेरी काढू या. ज्याची जशी असेल तशी सायकल. नसेल त्यानं चालत यावं. नंबर नाही, फी नाही. रॅलीवाल्या पोरांनी गाड्या बंद ठेवून चौकाचौकात वाहतूक सांभाळावी. कठडे त्यांनी लावावेत, पण मोटारींसाठी.

परतीच्या एसटीत लेकीनं तिचं पदक काढून आजोबांच्या गळ्यात घातलं. त्यांनी ते काढून तिला परत दिलं आणि म्हणाले, "माले नको. त्या पाववाला पोऱ्याना पाव तसाच राही गया व्हई." अडवल्याबद्दल ते अजून एक शब्द बोललेले नाहीत. पण आमच्या दारातून जाणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला हल्ली ते हाक मारून थांबवतात, हवा आहे का विचारतात, पंप पुढं करतात.

१४ एप्रिलच्या फेरीत पुढं कोण राहणार, हे मी ठरवलंय. त्यांची काळी अ‍ॅटलस आणायला भावाला सांगितलंय. तुम्ही तुमची काढून ठेवा.

जय भीम! जय संविधान!